पोचल्याचा मिस कॉल

"बुकलेट कुठंय?"

माझे घरमालक माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, 'या बाई, बसा' नाही. पेठच्या शाळेत माझी पहिलीच नेमणूक झाली होती. ट्रंक, गादीची वळकटी आणि आईनं घेऊन दिलेला नवाकोरा मिक्सर असा संसार घेऊन मी टेम्पोतून उतरत होते, आणि सदऱ्याच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावलेला हा उंच माणूस माझ्याकडे न बघता मिक्सरकडे बघत उभा होता.

"कसलं बुकलेट?" मी विचारलं.

"मिक्सरसंगं आलेलं. छोटं पुस्तक असतंय बघा."

"ते होय! ते खोक्याबरोबर गेलं टाकून."

"न वाचता?"

हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की मी एखादं लेकरू एसटी स्टँडवर विसरून आले, असं त्या टेम्पोवाल्याला वाटलं असेल. मला भयंकर राग आला. चोवीस वर्षांची होते, नोकरीला लागले होते, मिक्सर कसा फिरवायचा हे मला कुणी पुस्तकातून शिकवावं? मनात म्हटलं, खोली भाड्यानं घेतलीय की परीक्षेला बसलेय मी?

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दाराच्या कडीला एक जुनं बुकलेट दोऱ्यानं बांधलेलं. तसल्याच मिक्सरचं. आत पेन्सिलीनं खुणा केलेल्या. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, सलग तीन मिनिटांच्या वर चालवू नका, गरम पदार्थ घालून झाकण घट्ट लावू नका. शेवटी कोऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'भांडं धुताना निम्मं पाणी व साबणाचा थेंब टाकून दोनदा फिरवावे. पात्याखाली बोट घालू नये.' मी नाक मुरडलं आणि ते बुकलेट फळीवर टाकलं. आठवड्याभरात पात्याखाली बोट घातलं आणि कापलं. कुणाला सांगितलं नाही. पण त्यांनी चिंधी बांधलेलं बोट पाहिलं आणि एक अक्षर बोलले नाहीत, त्याचा मला जास्त राग आला.

गावात त्यांना नावच पडलं होतं 'बुकलेट'. "बुकलेटच्या खोलीत ऱ्हाता व्हय बाई?" असं मला दुकानदार हसून विचारायचा. मी त्यांना काका म्हणायची. पाटबंधारे खात्यात वायरमन म्हणून त्यांचा सगळा जन्म डिंभ्याला धरणावर गेला, आणि मुदतीआधीच नोकरी सोडून ते पेठला घरी येऊन बसले होते. घरासमोर तुळस नव्हती, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्या खाली हिरवी लोखंडी पेटी. लोकांच्या घरी अशा पेटीत दागिने नाहीतर जमिनीचे कागद असतात. या पेटीत बुकलेटं. पंखा, इस्त्री, रेडिओ, टीव्ही, फ्रिज, गावात कुणी काही विकत घेतलं की त्याचं बुकलेट शेवटी त्या पेटीत यायचं, कारण बाकी कुणाला ते नकोच असायचं. काका ती विषयवार लावून, सुईदोऱ्यानं शिवून ठेवायचे.

"माणूस वस्तू पुरी इकत घेतो आन वापरतो निम्मी," ते म्हणायचे. "उरलेली निम्मी त्या बुकात ऱ्हाती. मंग म्हणायचं वस्तू बेकार निघाली."

एकदा मी विचारलं, की एवढं वाचायचं वेड कुठून लागलं हो? तर सहज सांगितलं, "आमच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला. त्याला सही येत न्हवती. तो म्हणायचा, छापलेला कागद दिसला की वाचायचा, मंग तो कशाचाबी असू दे. आपल्याला हे लई उशिरा मिळालंय." हे सांगताना ते माझ्या इस्त्रीची वायर सोलत होते. माझ्या आजोबांनी मला असलं काही सांगितलं नव्हतं. आमच्या घरात कागद रद्दीत जायचा.

त्यांच्या सूचनांना अंत नव्हता. इस्त्री करताना शेवटचे दोन कपडे राहिले की बटण बंद करायचं, उरलेल्या उष्णतेवर ते होतात. मे महिन्याच्या सुट्टीला जाताना टॉर्चमधले सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते आतल्या आत फुटून टॉर्च खातात. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं, पट्टी सहज निघाली तर रबर गेलं समजायचं. लाइट जायची वेळ ठरलेली, तर आधीच फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, मग दूध नासत नाही. आवडीच्या कॅसेटची मागची दोन नखं मोडून टाकायची, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. हे सगळं ते न विचारता सांगायचे. मी दुपारी हेडमास्तरांचं ऐकायचं आणि संध्याकाळी यांचं. जीव नकोसा व्हायचा. आणि गंमत अशी, की त्यातली एकही गोष्ट कधी खोटी निघाली नाही.

काकींची ओळख मला वेगळ्या तऱ्हेनं झाली. काकी म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गोरी, हसरी. पहिल्या दिवशी मी दाराशी उभी राहून "काकी, काकी" म्हणून चार हाका मारल्या, त्या पाठमोऱ्या भाकरी थापत राहिल्या. काय शिष्ट बाई आहे, असं मनात आलं. मग काकांनी येऊन सांगितलं, की धाकटं मूल गेलं त्या बाळंतपणात काकींना मोठा ताप आला, आणि तो ताप कान घेऊन गेला. मी तेव्हापासून त्यांच्याशी घसा फोडून बोलायला लागले. दोन दिवस त्यांनी सोसलं, तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडावर बोट ठेवलं.

"वरडू नगा बाई. वरडून काय उपेग? तोंड नीट हलवा."

पुढची कितीतरी वर्षं मी वर्गातसुद्धा तोंड नीट हलवून शिकवलं. माझी मुलं शुद्धलेखनात पहिली यायची.

त्या घरातला टीव्ही मुका होता. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा नवरा-बायको शेजारी शेजारी बसून मालिका बघत होते, पडद्यावर सासू सुनेच्या अंगावर धावून जात होती, आणि घरात चिटपाखराचा आवाज नाही. मला वाटलं बिघडलाय. मी उठून आवाज वाढवायला गेले, तर काकांनी हात आडवा घातला.

"असू द्या. तिला जे ऐकू येत न्हाई ते मी एकट्यानं कशाला ऐकायचं?"

मी जागच्या जागी खाली बसले. या माणसाची मी शाळेत नक्कल करत असे, शिक्षकांची हसून हसून पुरेवाट व्हायची. त्या दिवसानंतर मी नक्कल बंद केली.

दाराची बेल वाजायची नाही. पाहुणे बटण दाबून दाबून कंटाळायचे, पण आत स्वयंपाकघरात लाल दिवा लागायचा आणि काकी दार उघडायला यायच्या. कुकरच्या शिट्ट्या त्या घरात कुणी मोजत नसे. शिट्टीतून वाफ सुटताना दिसली की काकी गॅस बारीक करायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या राहायच्या. डाळीला किती मिनिटं, हरभऱ्याला किती, हे घड्याळाखाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. त्याच कागदावर सगळ्यात वर, तांबड्या शाईत, 'शिट्टी चमच्याने उचलून बघावी. वाफ आली तर झाकणाला हात लावू नये.'

ही तांबडी ओळ मला काकींच्या उजव्या हातानं समजावली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती. काका डिंभ्याला कामावर असताना कुकर घरी नवीन आला होता. आतली वाफ गेली की नाही हे आपण कानानं ओळखतो. काकींनी ओळखायचं कशानं? त्यांनी जोर लावून झाकण फिरवलं. काकांना निरोप मिळाला तेव्हा धरणावरून खाली येणारी गाडीच आली नाही, ते घरी पोचले दुसऱ्या दिवशी.

"त्यात लिवलेलं व्हतं बाई," हे सांगताना ते माझ्याकडे न बघता पेटीकडे बघत होते. "चमच्यानं उचला म्हणून सगळं लिवलेलं व्हतं. चित्र काढून दाखवलेलं व्हतं. मी बुकलेट फळीवर टाकलं व्हतं. बापानं येवढं सांगितलेलं, आन मी वाचलं न्हाई."

नोकरी त्यांनी का सोडली ते मला तेव्हा कळलं. त्यांना एकच धास्ती होती, की आपण घराबाहेर असू आणि घरात काकींना काहीतरी होईल, नाहीतर बाहेर आपल्याला काही होईल आणि त्यांना कळणारच नाही. हाक मारून उपयोग नव्हता. बाकी जगाचा सगळा कारभार हाकेवर चालतो.

मग मोबाइल आले. बेल्ह्याला दिलेल्या त्यांच्या लेकीनं आपला जुना फोन आईवडिलांना पाठवला. बहिऱ्या बाईला फोन! गावाला हसायला कारणच मिळालं. काकांनी आठ दिवस फोनला हात लावला नाही, नुसतं बुकलेट वाचलं. नवव्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी आले ते लाल होऊन.

"बाई, थरथरतोय त्यो! पान बावीस. आवाज बंद ठिवून नुसता थरथरवता येतोय!"

त्याच आठवड्यात ते बेल्ह्याच्या बाजारात गेले. लोक तिथं बैल बघायला जातात, हे कुणाकडून तरी वापरलेला दुसरा फोन घेऊन आले. काकींच्या पोलक्याला आतून खिसा शिवला. पहिल्यांदा फोन थरथरला तेव्हा काकी किंचाळल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "गुदगुल्या व्हत्यात हो!"

नियम ठरले. मिस कॉल एकदा, म्हणजे पोचलो. दोनदा, म्हणजे निघालो, चहा ठेव. तीनदा, म्हणजे ये. फोन उचलायचा नाही, बोलायचं नाही. सगळं गाव तेव्हा मिस कॉलवरच जगत होतं, पण बाकीचे पैसे वाचवायला द्यायचे. काकांचं मळ्यात जाणं त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. डोंगराच्या कडेला त्यांचं दीड एकर होतं, विहिरीवर मोटर होती. रोज दहाच्या सुमाराला काकींचा हात छातीशी जायचा, चेहरा सैल व्हायचा, आणि त्या भाजी चिरायला घ्यायच्या.

मलाही त्यांनी सोडलं नाही. शनिवारी मी जुन्नरला माझ्या घरी जायची. "पोचल्यावर एक द्यायचा," काका म्हणाले. मी म्हटलं, माझे वडील आहेत की जुन्नरला! पण द्यायला लागले. एका शनिवारी विसरले. रविवारी सकाळी आमच्या दारात छत्री घेऊन काका उभे. पेठ ते मंचर, मंचर ते नारायणगाव, तिथून जुन्नर, असे तीन गाड्या बदलून.

"मिस कॉल आला न्हाई म्हणून आलो," ते म्हणाले. "हिनं रातच्याला घास खाल्ला न्हाई."

आईनं पाणी दिलं, ते प्यायले, चहासुद्धा न घेता परत फिरले. 'त्या लोकांत' खोली घेतली म्हणून माझी आई दोन वर्षं कुरकुरत होती. त्या दिवसापासून तिनं तो विषय काढला नाही. दर शनिवारी मीच विसरले तर ती आठवण करायला लागली, "अगं, तुझ्या काकींना मिस कॉल दिलास का?"

आणि एका सुट्टीच्या दिवशी ते झालं, ज्याची काकांना इतकी वर्षं धास्ती होती. मी खोलीत वह्या तपासत होते. काकी धावत आल्या, हातात फोन.

"बाई, परत एकच आला."

"मग काय झालं?"

"सकाळी दहाला आलाय की पोचल्याचा. आता बाराला परत एकच कसा?"

मी वहीवरून मान वर न करता म्हणाले, चुकून बटण दाबलं गेलं असेल. काकींनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तेच पुन्हा म्हणायला लावलं आणि माझे ओठ बघितले.

"त्यांचं चुकून न्हाई दाबत. बटनांना कुलूप घालूनच खिशात ठेवत्यात. बुकात तसं लिवलंय." आणि त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

मी काकांना फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मग मात्र वह्या तशाच टाकून मी निघाले. पातळाचा ओचा खोचून काकी पुढे धावत होत्या आणि तिशीही न गाठलेल्या मला त्यांना गाठता येत नव्हतं. काका मळ्यातल्या बांधाखाली पडलेले होते. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला. पहिला मिस कॉल गेला, दुसरा देताना फोन हातातून उडाला, त्याचे तीन भाग तीन ठिकाणी झाले.

"तीन द्यायचे व्हते," ते कण्हत म्हणाले, "एकच गेला."

काकींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि जन्मात दिल्या नसतील तेवढ्या शिव्या दिल्या. त्यांना आपला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं त्या डोंगरालाही ऐकू गेल्या. शेजारच्या मळ्यातली माणसं त्या आवाजानंच आली. मी रडत होते. काकांनी मला हातानं खुणावलं, मला वाटलं पाणी हवंय.

"बाई, बॅटरी उन्हातनं उचला आधी. उष्णतेनं फुगती ती."

टेम्पोतून मंचरला नेलं, पायात सळई बसली, सहा महिन्यांनी काठी टेकत का होईना पण काका पुन्हा मळ्यात जायला लागले. पहिल्या दिवशी दहा वाजता मी मुद्दाम काकींजवळ जाऊन बसले होते. हात छातीशी गेला, चेहरा सैल झाला. "पोचले," त्या मला म्हणाल्या. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

माझी बदली जुन्नरला झाली. निघताना काकांनी मला मिक्सरचं ते पेन्सिलीच्या खुणांचं बुकलेट पुन्हा दिलं. फळीवर विसरून चालले होते मी. दोन-तीन वर्षांनी एका सकाळी काकींच्या लेकीचा फोन आला, की काका झोपेतच गेले. मला पेठला जायला मिळालं ते पाचव्या दिवशी. घर माणसांनी भरलं होतं, काकी ओट्यावर बसल्या होत्या. लेक म्हणाली, "आईला बेल्ह्याला न्यायचं तर ती येत न्हाई. हितं एकटी ऱ्हाणार म्हणती. आन रोज दहा वाजले की फोन हातात घिऊन बसती, मंग दिवसभर जेवत न्हाई. काय करू मी?"

मी काकींच्या समोर बसले, तोंड नीट हलवून "येते" म्हटलं, आणि तीन गाड्या बदलून जुन्नरला आले. दाराशी चपला काढताना सवयीनं हात फोनकडे गेला. एक दिला. दिल्यावर लक्षात आलं, की आता तिकडे कोण वाट बघतंय. पण दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, "बाई, काल संध्याकाळी काय झालं कुणास ठाऊक, आई आपणहून उठली आन भाकरी केली."

तेव्हापासून मी रोज सकाळी शाळेत पोचले की दहा वाजता एक मिस कॉल द्यायला लागले. वर्गावर जाण्याआधी, हजेरीच्याही आधी. माझ्या बरोबरीच्या बाई हसायच्या. हसू देत.

त्याला वर्ष झालं असेल. एके दिवशी शाळेची तपासणी होती. साहेब साडेनऊलाच येऊन बसलेले, सगळी धावाधाव, आणि मी फोन बंद करून कपाटात टाकला. दुपारचे तीन वाजले तरी मला कशाची शुद्ध नव्हती. शिपाई येऊन म्हणाला, "बाई, फाटकाशी कुणी म्हातारी आलीय, तुमच्याशीच बोलायचं म्हणती. मी विचारलेलं तिला ऐकूच येत न्हाई."

काकांची छत्री हातात घेऊन काकी उभ्या होत्या. घामानं निथळत होत्या. या बाईला काकांनी उभ्या जन्मात कधी एकटं गाडीत बसू दिलं नव्हतं. कंडक्टरची हाक ऐकू येणार नाही, मागून आलेला ट्रक ऐकू येणार नाही, ही त्यांची भीती. ती बाई कागदावर गावांची नावं लिहून, ती कंडक्टरला दाखवत, तीन गाड्या बदलून आली होती. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, दोन्ही दंड दाबून बघितले.

"मिस कॉल आला न्हाई म्हणून आले," काकी म्हणाल्या.

सगळ्या शाळेला ऐकू गेलं. साहेबांनाही. मी नुसती तोंड हलवत राहिले आणि त्यांना त्यातलं काही वाचता येईना. मी घरी चला म्हटलं, जेवून जा, उद्या सोडायला येते म्हटलं. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, पदरानं तोंड पुसलं, आणि छत्री काखेत मारून स्टँडकडे चालू लागल्या. मी दोन पावलं मागं गेले तर हातानं दटावलं, "शाळा हाय ना तुमची? जावा."

संध्याकाळी मी घरी फोन समोर ठेवून बसले होते. साडेसहा झाले, पावणेसात झाले. आई म्हणाली, जेवायला चल. मी उठले नाही.

सातला पाच कमी असताना फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी आणखी थोडा वेळ तसाच तो हातात धरून बसले, पण पुन्हा वाजला नाही. मग मी जेवायला उठले.